बासर आणि बसरा

वसंत पंचमीला बासरला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून नातीच्या अक्षराभ्यासाला आम्ही मुद्दाम श्रावणातला साधा दिवस निवडला. गोदावरी काठोकाठ भरलेली होती. देवळात पाटीवर पसरलेल्या तांदळात पुजाऱ्यांनी नातीचं बोट धरून अक्षर काढलं. पोरीनं ते लगेच हातानं पुसून टाकलं आणि पुन्हा काढा म्हणून हट्ट धरला. सूनबाई गोरीमोरी झाली. मला मात्र बरं वाटलं. अक्षराची हाव असावीच लागते.

जैनांनी इथं कशाला यायचं, असं आमच्यातल्या एक-दोघी दरवेळी विचारतात. आपली श्रुतपंचमी ज्येष्ठात असते, पोथ्यांची पूजा आपण तेव्हा करतो, हे खरंच. पण सरस्वती आपल्याला परकी कधी होती? मथुरेच्या कंकाली टेकडीत सापडलेली सरस्वतीची फार जुनी मूर्ती जैनांचीच आहे आणि तिच्या हातात पोथी आहे. शिवाय आमच्यासाठी बासर म्हणजे नुसतं देऊळ नाही. माझ्या पणजोबांचं दुकान इथं होतं. धान्य, कापड आणि थोडी देवघेव. पुढे घर धर्माबादला गेलं, मग नांदेडला, आणि दुकानाच्या फक्त वह्या उरल्या.

लहानपणी आजी एक वाक्य सहज बोलायची, "बसऱ्याचं टपाल बासरला आलं की पणजोबा दिवा पुढे ओढायचे." मला वाटायचं, आजीची जीभ अडखळली, बासरला दोनदा बासर म्हणायचं होतं. पुढे वाटलं, बसरा म्हणजे मोत्यांचं गाव असेल. आपल्याकडे नथीचे मोती बसऱ्याचेच म्हणायचे आणि हैदराबादेत मोत्यांचा बाजार होता, तेव्हा ते टपाल मोत्यांचं असणार. खरा अर्थ कळायला मला चाळिशी गाठावी लागली. ते टपाल लढाईचं होतं.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज फ्रान्सला गेली, इजिप्तला गेली, पूर्व आफ्रिकेला गेली. पण मराठी माणसाच्या तोंडी त्या युद्धाचं नाव बसऱ्याची लढाई असंच राहिलं, कारण मराठा पलटणी तिकडे फार मोठ्या संख्येनं गेल्या. ६ नोव्हेंबर १९१४ ला फाओचा किल्ला घेतला गेला, त्याच महिन्यात २२ तारखेच्या सुमारास बसरा ताब्यात आलं. ११७वी मराठा पलटण पहिल्याच तुकड्यांबरोबर उतरली होती. ११०वी मराठा लाइट इन्फंट्री मागोमाग आली, १०३वीही पोहोचली. एप्रिल १९१५ मध्ये शैबाच्या लढाईत यातले बरेच जण होते. कोकणातले, देशावरचे, आणि आमच्या निजामाच्या मुलखातून पुण्याच्या बाजूला जाऊन भरती झालेलेही.

यांची टपालं कशी जात असतील, हा प्रश्न मला त्या वह्यांनीच घातला. मग मी मिळेल ते वाचत गेले. फौजेबरोबर टपाल पाठवायची रीत हिंदुस्थानात १८५६ पासूनची. इराणवर मोहीम निघाली तेव्हा तिच्याबरोबर पहिलं रणांगणावरचं टपाल ऑफिस गेलं. तंबूत एक पेटी, शिक्के, तराजू, दोन-चार कारकून आणि हमाल. फौज हलली की टपाल ऑफिसही बैलगाडीवर, उंटावर, होडीवर चढून हलायचं. शिक्क्यावर गावाचं नाव नसे, नुसता आकडा असे, म्हणजे पत्र शत्रूच्या हाती पडलं तरी फौज कुठे आहे ते कळू नये. हे आकडा लिहायचं शहाणपण आजही चालू आहे, त्याच्याकडे मी पुढे येते.

बसऱ्याची गंमत वेगळीच होती. तिथं हिंदुस्थान सरकारचं टपाल ऑफिस युद्धाच्या किती तरी आधी, १८६८ पासून होतं. तुर्कांच्या राज्यात, बसऱ्यात आणि बगदादात, हिंदुस्थानची तिकिटं लावून पत्रं मुंबईला येत. तुर्कांनी ती ऑफिसं १९१४ च्या शरद ऋतूत बंद केली आणि दोन महिन्यांत फौजेबरोबर टपालवाले परत तिथंच उतरले. म्हणजे बघा, समुद्रापलीकडच्या बसऱ्यात हिंदुस्थानचं तिकीट चालत होतं आणि इकडे आमच्या बासरला निजामाचं. निजामानं स्वतःची तिकिटं १८६९ मध्येच काढली होती. आमच्या मुलखात दोन टपालं नांदत होती. संस्थानातल्या संस्थानात पत्र जायचं तर निजामाचं टपाल. मुंबईला, पुण्याला, बसऱ्याला जायचं तर इंग्रजांचं. बायकांना हे कुठून कळणार? पणजोबा सांगतील ते खरं.

पत्राचा प्रवास असा. मोडीत लिहिलेला कागद रेल्वेनं मनमाडला. आमच्याकडची गोदावरी खोऱ्याची अरुंद रुळांची लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावरच झाली होती, ती नसती तर बासर आणि जगाचा संबंध आणखी पंधरा वर्षं पुढे गेला असता. मनमाडहून मुंबई, मुंबईच्या गोदीतून आगबोट, इराणच्या आखातातून बसरा. बसऱ्याला मोठं टपाल ऑफिस, तिथं पलटणीप्रमाणे थैल्या वेगळ्या व्हायच्या, आणि मग तैग्रिस नदीवरच्या बोटींनी वर. नदीचं वळण इतकं की बोट दिवसभर चालूनही पुढे फारशी गेलेली नसे, उथळ पाण्यात रुतून बसे. दारूगोळा आधी, धान्य आधी, जखमींना खाली आणायचं ते आधी, आणि उरलेल्या जागेत टपाल. तरीही फौजेचे अधिकारी टपालाला धान्याच्या खालोखाल मानत. पत्र आलं नाही की शिपाई बसून राहतो, हे त्यांनाही कळत होतं.

रणांगणावरून घरी लिहिलेल्या साध्या पत्राला शिपायाला तिकीट लागत नसे. तिकीट हवंच असेल तर पंचम जॉर्जच्या नेहमीच्या तिकिटावर 'आय.ई.एफ.' ही तीन अक्षरं छापलेली तिकिटं होती. हिंदुस्थानी मोहिमेची फौज असा त्याचा अर्थ. तिकिटं जमवणारे आज ती जपून ठेवतात.

आणि पत्र जसंच्या तसं यायचंच असं नाही. फ्रान्समध्ये हिंदुस्थानी पत्रं वाचायला बुलोनला एक खास कचेरी होती, हॉवेल नावाचा अधिकारी तिचा मुख्य. उर्दू, गुरुमुखी, हिंदी अशी नाना लिप्यांतली पत्रं तिथं उघडली जात, काहींचं इंग्रजी करून अहवालात घातलं जाई. शिपायांनाही हे ठाऊक होतं. मग त्यांनी आपली भाषा काढली. हिंदुस्थानी शिपाई म्हणजे काळी मिरी आणि गोरे म्हणजे लाल मिरची. काळी मिरी फार खपली, आता कोणी पाठवू नका, असं लिहिलं की घरच्यांनी समजायचं, इकडे भरती होऊन येऊ नका. धर्माबादच्या मिरचीबाजाराशेजारी वाढलेल्या मला हे वाचून आधी हसू आलं. मग आलं नाही.

ते अहवाल आज लंडनला जपलेले आहेत आणि त्यावर अभ्यास होतात. पण मूळ पत्रं बहुतेक गेली. जे आहे ते साहेबाला महत्त्वाचं वाटलं ते, त्याच्या भाषेत. घरून गेलेली पत्रंही त्यांनी वाचली, त्यातली बायकांची फार थोडी दिसतात. साहजिक आहे. बाईला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची, दुसरा कोणी तरी लिहायचा, आणि लिहिणाऱ्याच्या हातून सगळं "इकडील सर्व क्षेम" होऊन जायचं.

तो दुसरा कोणी तरी म्हणजे आमच्या गावी माझे पणजोबा.

वह्या मोडीत आहेत. मला मोडी येत नव्हती, नांदेडला एका निवृत्त गुरुजींकडे बसून शिकले. साल फसली. निजामाच्या राज्यात फसली सन चालायचा, ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं, वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. सन १३२४ फसलीच्या वहीत, म्हणजे १९१४ च्या ऑक्टोबरापासून पुढच्या वर्षात, धान्य-कापडाच्या नोंदींच्या मधेच एक नवं खातं सुरू होतं. वर नाव लिहिलंय 'बसरेवाली'.

एवढंच. तिचं नाव नाही, गाव नाही, कुणाची सून नाही. आजी म्हणायची, ती पलीकडच्या वाडीवरून चालत यायची, डोईवर पदर आणि हातात काठी, काठी कुत्र्यांसाठी. वय विशीचं असेल. नवरा मराठा पलटणीत. आजीनं तिला पाहिलेलं नव्हतं, आजी नंतर सून होऊन आली. तिनं हे आपल्या सासूकडून ऐकलेलं.

खात्यातली पहिली नोंद: बसरा मनीऑर्डर, कलदार ६. दिले हाली ६॥. पत्र लिहिणावळ १ आणा.

माझ्या वाचकांतल्या ज्या जुन्या मराठवाड्यातल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल, बाकीच्यांसाठी सांगते. इंग्रजी रुपया तो कलदार, निजामाचा तो हाली सिक्का. दोन्हींची किंमत सारखी नव्हती. साधारण हिशेब असा, की सहा कलदारांना सात हाली. गावातला सगळा बाजार हालीत. मनीऑर्डर कलदारात यायची. त्या काळी शिपायाचा पगार महिना ११ रुपये, वर मोहिमेचा भत्ता. त्यातून ६ रुपये घरी पाठवणं म्हणजे त्यानं स्वतःजवळ फार काही ठेवलं नाही. ते सहा कलदार घेऊन ती दुकानात यायची, आणि पणजोबा तिला साडेसहा हाली द्यायचे.

सातऐवजी साडेसहा.

मी ही नोंद पहिल्यांदा लावली तेव्हा गुरुजी म्हणाले, "अहो ताई, तो बट्टा. सगळेच सावकार घ्यायचे." घेत असतील. भाव रोज हलायचा, तेही खरं. नाणं हैदराबादेला नेऊन बदलायचं तर खर्च होताच. मी स्वतःला हे सगळं सांगितलं. पण पुढची नोंद, त्याच्या पुढची, त्याच्या पुढची, सगळीकडे साडेसहाच. भाव हलायचा तर तिच्या खात्यात का नाही हलला? इतर व्यापाऱ्यांच्या खात्यांत तो आण्यांनी वरखाली झालेला मला दिसला. तिच्या खात्यात नाही. ती मोजू शकत नव्हती.

माझे पणजोबा वाईट होते असं मला म्हणायचं नाही. घरात त्यांच्या शुद्ध आचाराच्या गोष्टी अजून सांगतात. सूर्यास्तानंतर पाणी नाही, पाखडल्याशिवाय धान्य मोजायचं नाही, दशलक्षणात दहाही दिवस एकभुक्त. आणि रात्री दिवा पुढे ओढून एका कुणबिणीचं पत्र वाचायला बसणारे तेच. हे दोन्ही एकाच माणसाचं आहे, आणि वहीही एकच आहे.

सन १३२५ फसली. इथून मी जरा सावकाश सांगते, कारण इथं बाहेरचा इतिहास आणि आमची वही अगदी शेजारी शेजारी बसतात.

१९१५ च्या नोव्हेंबरात जनरल टाउनशेंडची फौज बगदादच्या रोखानं टेसिफोनपर्यंत गेली, तिथं मोठं नुकसान होऊन मागे फिरली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कुत नावाच्या गावात येऊन थांबली. तैग्रिसच्या वळणात वसलेलं गाव, तीन बाजूंना नदी. ७ डिसेंबरपासून तुर्कांनी वेढा आवळला. आत १०३वी, ११०वी, ११७वी अशा तिन्ही मराठा पलटणी होत्या. टपालाची माणसं फौजेबरोबरच राहायची, फौज अडकली की तीही अडकायची. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेचे हल्ले एकामागून एक फसले. बिनतारी यंत्र तेवढं चालू होतं, पण बिनतारीवरून सेनापती बोलतात. शिपायाच्या बायकोचं पत्र त्यावरून जात नाही.

कुतमध्ये अन्न संपत आलं. घोडी, खेचरं मारून खायची वेळ आली. पुष्कळशा हिंदुस्थानी शिपायांनी घोड्याचं मांस नाकारलं. मग हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले गेले, ते बिनतारीनं आत पोहोचवले गेले. तरी कित्येक जण शेवटपर्यंत खात नव्हते, गवतपाला उकडून खात होते, आजारी पडत होते. आपल्या समाजात आहारावर इतकं बोललं जातं. मी जेव्हा जेव्हा एखाद्या प्रवचनात 'संकटात नियम मोडला तर काय' अशी चर्चा ऐकते, तेव्हा मला कुत आठवतं. तिथं हा प्रश्न सभेत नव्हता.

एप्रिल १९१६ मध्ये विमानांतून धान्याची पोती आत टाकली. लढाईत वेढलेल्या फौजेला विमानानं अन्न पुरवण्याचा हा जगातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी एक. भूक भागेल इतकं काही ते नव्हतं, काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे. आणि आणखी एक वस्तू विमानानं टाकली होती ती वाचून मी पुस्तक मिटून बसले. जात्याच्या तळ्या. आत जव होते, दळायला पुरेशी जाती नव्हती, म्हणून आकाशातून जातं. इकडे वाडीवर ती पहाटे उठून जातं ओढत असेल, त्याच वेळी.

२९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. सुमारे तेरा हजार माणसं, त्यात लढणारे आणि लढणाऱ्यांची चाकरी करणारे, कैदी झाली. साध्या शिपायांना वाळवंटातून बगदाद, मोसुल, तिथून पुढे रस-अल-ऐनच्या रेल्वेच्या कामावर चालवत नेलं. वाटेत आणि कामावर फार माणसं मेली.

वहीत: १३२५ फसलीच्या पहिल्या दोन महिन्यांत बसरेवालीच्या खात्यात एक मनीऑर्डर. मग मनीऑर्डरी नाहीत. पण खातं बंद नाही. दर पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं, एकच नोंद: पत्र लिहिणावळ १ आणा, उधार. पुन्हा पत्र लिहिणावळ १ आणा, उधार. अशा नऊ.

नऊ पत्रं ती सांगत गेली, पणजोबा लिहीत गेले. ती मुंबईपर्यंत गेली असणार, बसऱ्यापर्यंतही गेली असणार. तिथं थैलीत पडून राहिली असणार, कारण पुढे जायला वाट नव्हती. आजी म्हणायची, त्यातलं एक परत आलं. इतके शिक्के त्यावर, की पत्ता दिसेना. पणजोबांनी तिला विचारलं, उघडू का? ती म्हणाली, काय उघडायचं, मीच सांगितलंय ना.

हे पत्र आमच्या घरात नाही. ती घेऊन गेली असेल, किंवा गोदावरीत सोडलं असेल.

सन १३२६ च्या वहीत तीन नोंदी आहेत, 'पलटण डेपोकडून', रक्कम लहान. पगारातला कुटुंबाचा वाटा असावा. कैद्यांना रेडक्रॉसच्या मार्फत कधी कधी पत्रं जात, कधी पार्सलंही, पण त्या कैदेतून बासरला काही आल्याची नोंद नाही. त्याच वहीत दुसऱ्या पानावर पणजोबांनी 'पोस्ट क्याश सर्टिफिकेट' घेतल्याचं लिहिलंय. सरकारनं १९१७ मध्ये लढाईसाठी पैसा उभा करायला टपाल ऑफिसातून ही सर्टिफिकेटं विकली. म्हणजे त्या लढाईत आमचं घर पैसे गुंतवत होतं आणि व्याज घेत होतं. १३२७ च्या वहीत बसरेवाली नाही. लिहिणावळीचे नऊ आणे उधारच राहिले. त्यांच्यापुढे पणजोबांनी काही लिहिलेलं नाही, वसूलही नाही आणि माफही नाही.

१९१७ च्या मार्चात बगदाद घेतलं गेलं, तिथं तुर्की तिकिटांवर 'बगदाद, ब्रिटिशांच्या ताब्यात' असं छापून टपाल सुरू झालं. त्याच सुमाराला आमच्या निजामाचे हैदराबाद लान्सर्स जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांबरोबर इजिप्त-पॅलेस्टाइनला होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे याच तीन संस्थानांचे. दिल्लीला गेलात तर एकदा थांबून पाहा. त्यातला एक आपल्याकडचा आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या महायुद्धात निजामाची पहिली हैदराबाद इन्फंट्री मलायात कोटा भारूच्या विमानतळावर होती, जपान्यांनी डिसेंबर १९४१ मध्ये तिथंच पहिला हल्ला केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि हजारो हिंदुस्थानी कैदी झाले. जपान्यांच्या कैदेतून पत्र येणं तर कुतपेक्षाही दुर्मीळ. वर्षा-दोन वर्षांनी चार छापील ओळींचं कार्ड, तेही आलं तर.

स्वातंत्र्यानंतर आपली फौज परदेशी गेली ती बहुतेक वेळा शांतता राखायला, आणि हा बदल मला टपालाच्या तिकिटांवर फार स्पष्ट दिसतो. १९५३ मध्ये कोरियातल्या युद्धकैद्यांची देखभाल करायला आपली फौज गेली. तिचे सेनापती मेजर जनरल शं. पां. पा. थोरात, आपले कोल्हापूरकडचे. त्या फौजेसाठी आपल्या नेहमीच्या पुराणवास्तूंच्या तिकिटांवर देवनागरीत छापलं होतं, 'भारतीय संरक्षा कटक, कोरिया'. कटक! जुन्या पोथ्यांत वाचलेला शब्द. आय.ई.एफ. या तीन अक्षरांपासून संरक्षा कटकापर्यंत चाळीसएक वर्षं लागली. पुढच्या वर्षी कंबोज, लाओस आणि विएतनामसाठी 'अंतर्राष्ट्रीय आयोग' असं छापलेली तिकिटं निघाली, १९६२ मध्ये काँगोसाठी, १९६५ मध्ये गाझातल्या फौजेसाठी नेहरूंच्या तिकिटावर. दुसऱ्याच्या भांडणात मध्ये उभं राहायला गेलेल्या शिपायांची ही पत्रं.

इथं मला बोधन आठवल्याशिवाय राहत नाही. बासरहून नदी ओलांडली की थोड्या अंतरावर बोधन. परंपरा म्हणते तेच बाहुबलीचं पौदनपूर. भरतानं इथंच दूत पाठवला, शरण ये म्हणून. ती कथा आपल्या मुलांना आपण सांगतो, पण बाहुबलीच्या ध्यानाकडे लवकर पोहोचायच्या घाईत मधला भाग गाळतो. दोन्हीकडची सैन्यं समोरासमोर उभी होती, तेव्हा मंत्र्यांनी सांगितलं, भांडण तुम्हा दोघांचं आहे, ही माणसं कशाला मरायची? म्हणून दोघं भाऊच एकमेकांशी लढले. सैन्य घरी गेलं. त्या सैन्यातल्या बायकांना कुणाकडून पत्र लिहून घ्यावं लागलं नाही.

आता त्या आकड्याच्या शहाणपणाकडे येते. आज जवानाचा पत्ता असा असतो: नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ. किंवा ९९ एपीओ. गाव नाही, राज्य नाही, देश नाही. ५६ ची पत्रं दिल्लीच्या केंद्रीय तळ टपाल ऑफिसात जातात, ९९ ची कोलकात्याच्या. युनिट आज कुठे आहे हे तिथल्या माणसांना माहीत असतं, ते त्याप्रमाणे थैली बांधतात. युनिट सियाचेनला असो, राजस्थानात असो की संयुक्त राष्ट्रांच्या कामावर लेबनॉनला, आईनं पत्ता बदलायचा नाही. तिकीटही देशातल्या पत्राचंच. सैन्य टपाल सेवा १ मार्च १९७२ ला स्वतंत्र कोर झाली. तिचं केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे आणि ब्रीद आहे 'मेल मिलाप'. तिच्यातले बरेच लोक मुळात साध्या टपाल खात्यातले, काही वर्षं वर्दी घालून परत आपल्या काउंटरवर येऊन बसणारे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड आला. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसानं, जे संस्कृतात कविता आणि नाटकं लिहायचे. त्यांनी देशाचे आठ विभाग पाडले आणि नववा आकडा फौजेसाठी ठेवला. नऊनं सुरू होणारा पिन कुठल्याच गावाचा नसतो.

त्या दिवशी देवळातून निघालो तर पाऊस. टपाल ऑफिसच्या ओसरीला उभ्या राहिलो. आत एक मुलगी काउंटरवर पाकिटावर डिंक लावत होती. राखी होती. राखी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, वर पुन्हा कागद, म्हणजे भिजू नये. ती आधी तेलुगूत बोलली, मग माझी साडी बघून मराठीत. भाऊ कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, "बाहेर आहे, यूएनचं काय तरी. रोज व्हिडिओ कॉल करतो की. पण राखी फोनवरून कशी बांधणार, मावशी?"

पाकिटावर ५६ एपीओ होतं. नातीनं आकडा वाचायचा प्रयत्न केला, पाच वाचला, सहाला उलटा नऊ म्हणाली.

आपल्याकडे पत्राला केवढा मान होता. श्वेतांबर परंपरेत चातुर्मासाला यावं म्हणून आचार्यांना चित्रांची लांबच लांब विज्ञप्तिपत्रं पाठवत. १६१० चं आग्र्याच्या संघाचं विज्ञप्तिपत्र, शालिवाहन नावाच्या चित्रकारानं रंगवलेलं, अजून आहे. आम्हा दिगंबरांत क्षमावाणीची पत्रं. माझ्या लहानपणी दशलक्षण संपलं की आजोबा पन्नास-पन्नास कार्डं लिहायचे, नावांची यादी करून. व्यापारी, व्याही, आडतदार, मुनीम. त्या याद्याही वह्यांत आहेत. १३२६ ची यादी मी दोनदा वाचली. एकेचाळीस नावं आहेत.

यंदा भाद्रपदात मी यादी करायला बसले तेव्हा वही जवळ घेतली आणि हिशेब मांडला. मनीऑर्डरी चौदा, प्रत्येकी हाली अर्धा रुपया, म्हणजे हाली ७. बरोबर सहा कलदार, तिच्या नवऱ्यानं एका वेळी पाठवलेले. त्यातून तिच्याकडचे नऊ आणे वजा करायचे का, यावर मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग वजा केले नाहीत. वाडी अजून आहे, कोणाकडे जाऊन काय विचारणार, नाव तर माहीत नाही. धाकट्या दिराला सांगितलं, तर तो म्हणाला, "वहिनी, शंभर वर्षांपूर्वीचे हाली सात रुपये, त्याचं आता काय करायचं?" मी वही फडक्यात बांधून परत फळीवर ठेवली. कार्डं एकेचाळीस लिहून झाली होती, एक कोरं उरलं. ते अजून टेबलावर आहे.